आधी केबलची जागा: डिटेक्टरचे केबलमार्ग आणि आधार कसे आखायचे

“सगळं बरं हाय, पण ह्यात पाना कुठनं घालायचा की?”

उद्यमबागेतल्या शेडमध्ये माझं ड्रॉइंग हातात धरून फिटर मामांनी एवढंच विचारलं. ड्रॉइंग एका तीन मजली स्टँडचं होतं. प्रत्येक मजल्यावर सिंटिलेटरचं, म्हणजे कण आरपार गेला की चमकणाऱ्या पदार्थाचं, एक पॅडल आणि त्याच्या टोकाला ती चमक विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब. आकाशातून येणारे म्युऑन नावाचे सूक्ष्म कण कॉलेजच्या मुलांना मोजता यावेत म्हणून ते बनवायचं होतं. केबलची पन्हळ मी मागच्या बाजूने वर नेली होती आणि तिला धरणारा ब्रॅकेट नेमका मधल्या पॅडलच्या बोल्टसमोर आला होता. संगणकावर बोल्ट दिसत होता, ब्रॅकेट दिसत होता. पाना आणि तो धरणारा हात मी काढलेलेच नव्हते.

मी खानापूर तालुक्यातला. सुरुवात साखर कारखान्यात केबल ट्रे टाकण्यापासून केली, आता असे सूक्ष्म कण टिपणाऱ्या यंत्रांची, म्हणजे डिटेक्टरची, स्टँड आणि केबलमार्ग आखतो. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरकडची डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलं विचारतात की या कामात शिरायचं तर सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहितोय. भौतिकशास्त्राची पदवी नसली तरी चालेल. पण केबल हा डिटेक्टरचाच एक भाग आहे, त्याला जाडी आहे, वजन आहे, उष्णता आहे, हे पहिल्या दिवसापासून मनात पक्कं हवं. यंत्र उभं राहिल्यावर केबल कुठूनतरी नेऊ, असं म्हणणाऱ्याचं यंत्र पुन्हा खोलावं लागतं.

आवाका कळावा म्हणून सांगतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला ॲटलास डिटेक्टर ४६ मीटर लांब आणि २५ मीटर उंच आहे, आणि त्यात सुमारे ३,००० किलोमीटर केबल आहे. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच. त्याचा शेजारी सीएमएस आकाराने लहान, पण वजनाने १४,००० टन. त्याचे प्रचंड काप जमिनीवर तयार करून सुमारे शंभर मीटर खाली उतरवले. त्याच्या चुंबकाबाहेरचा, कणांची ऊर्जा मोजणाऱ्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचा थर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने केला. प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या ज्या एलएचसी यंत्रावर हे डिटेक्टर बसलेत, त्याच्या प्रोटॉन वळवणाऱ्या १,२३२ डायपोल चुंबकांखालचे जॅक भारतातून गेले, आराखडा इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी प्रयोगशाळेचा. पंधरा मीटर लांबीचा, तीस टनांहून जड चुंबक तीन जॅकवर बसतो आणि ५० मायक्रॉनच्या बारकाईने सरकवता येतो. आणि वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो नावाचे कण ज्या दोन ठिकाणी जगात पहिल्यांदा नोंदले गेले, त्यातलं एक आपल्याच कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण, साल १९६५. हे काम परक्यांचं आहे असं समजून लांब राहू नका.

पहिली पायरी: यादी

ड्रॉइंगला हात लावण्याआधी एक तक्ता करा. एका ओळीत एकच केबल. कुठून निघते, कुठे पोचते, प्रकार कोणता, बाहेरची जाडी किती, मीटरला वजन किती, व्होल्टेज, करंट, दोन्ही टोकांचे कनेक्टर आणि त्यांचा व्यास, कमीत कमी किती त्रिज्येत वळवता येते. त्याच तक्त्यात थंड पाण्याच्या नळ्या, गॅसच्या नळ्या आणि ऑप्टिकल फायबरही घ्या. या सगळ्याला मिळून सर्व्हिसेस म्हणतात आणि सगळे एकाच फटीतून जाण्यासाठी भांडतात.

जाडी कॅटलॉगमधून घेतली तरी चालते, पण हातात नमुना असेल तर व्हर्नियरने मोजाच. अंतर दिसायला लहान असतं, मात्र पन्नास केबल शेजारी आल्या की अर्ध्या मिलिमीटरचे अडीच सेंटिमीटर होतात.

वळणाची त्रिज्या बनवणाऱ्याच्या तक्त्यात दिलेली असते, तीच पाळायची. ती हाती येईपर्यंत कच्च्या आखणीसाठी मी साध्या केबलला जाडीच्या आठपट, कोॲक्सिअल (मधे तार, भोवती धातूची जाळी) आणि फायबरला दहापट धरतो. ओढताना ताण असतो, तेव्हा फायबरला याच्या दुप्पट जागा लागते. फायबर जास्त वाकवलं तर तुटेलच असं नाही, पण वळणावर प्रकाश बाहेर गळतो आणि दोष शोधण्यात दिवस जातात.

जागेचा हिशेब

गोल केबल चौकोनी ट्रेमध्ये टाकली की मधे फटी राहतात. म्हणून मी प्रत्येक केबल चौकोनी आहे असंच समजतो. ६ मिमीची केबल म्हणजे ३६ चौरस मिमी. अशा ४८ केबल म्हणजे १,७२८. त्यात पुढे वाढणाऱ्या केबलसाठी तीस टक्के घातले की साधारण २,२५०. ट्रे निम्म्याहून जास्त भरायचा नाही असा माझा नियम आहे, म्हणजे ४,५०० चौरस मिमीचा ट्रे हवा. १०० मिमी रुंद आणि ५० मिमी खोल ट्रे ५,००० देतो. झालं.

निम्मा ट्रे रिकामा दिसला की खर्च पाहणारा माणूस हमखास विचारतो, एवढा मोठा कशाला? त्याला नम्रपणे सांगा की दोन वर्षांनी बिघडलेली एक केबल काढून नवी घालायची आहे, आणि ती घट्ट गठ्ठ्यातून ओढली तर शेजारच्या दहांना इजा होईल. या मुद्द्यावर मी कधीच माघार घेत नाही.

वाट कुठून काढायची

डिटेक्टरच्या आत प्रत्येक मिलिमीटरला मालक असतो. सेन्सरवाल्यांना कणाच्या वाटेत कमीत कमी पदार्थ हवा असतो, कारण मधे आलेला धातू कणाची दिशा बिघडवतो. हे मोजायला रेडिएशन लेंग्थ वापरतात. इलेक्ट्रॉनची ऊर्जा सरासरी ३७ टक्क्यांवर यायला किती जाडी लागते, ती ही लांबी. तांब्यासाठी ती सुमारे १४ मिमी, ॲल्युमिनियमसाठी ८९ मिमी, सिलिकॉनसाठी ९४ मिमी. आता पाहा, एक मिलिमीटर तांबं म्हणजे सात टक्के रेडिएशन लेंग्थ. ३०० मायक्रॉनचा सिलिकॉन सेन्सर म्हणजे जेमतेम ०.३ टक्का. तुम्ही निष्काळजीपणे आडवी टाकलेली एक मिलिमीटर तांब्याची पट्टी कणाला बावीस सेन्सरएवढी अडवते. म्हणूनच आतल्या भागात कधी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा वापरतात, आणि केबल शक्य तितक्या लवकर टोकाकडे नेऊन, दोन भागांमधल्या फटीतून बाहेर काढतात. त्या फटीत सेन्सर नसतो, म्हणून ती रुंद करायलाही कोणी सहज तयार होत नाही.

वाट आखताना तीन गोष्टी वेगवेगळ्या रंगांत काढा: वस्तूची जागा, वस्तू हलते तेव्हा व्यापते ती जागा, आणि माणसाच्या हाताची जागा. तिसरा रंग मामांच्या त्या प्रश्नापासून मी कायमचा घेतला. स्पॅनर साठ अंश फिरायला हवा, कनेक्टर काढायला दोन बोटं मागे जायला हवीत. दाट लावलेल्या पॅनलवर मधला कनेक्टर काढण्यासाठी आजूबाजूचे चार काढावे लागत असतील तर ते पॅनल पुन्हा आखा.

लांब केबल एका दमात आतून बाहेरपर्यंत नेऊ नका. डिटेक्टरच्या कडेला पॅच पॅनल ठेवा. आतली बारीक, हलकी केबल तिथे संपते आणि बाहेरची जाड केबल तिथून सुरू होते. जोड वाढला की दोषाची एक जागा वाढते हे खरं, तरी डिटेक्टर खोलताना सगळं जाळं फाडावं लागत नाही.

आणि क्रम. वडगाव-शहापूरला ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ताण्याचा धागा फणीतून ज्या क्रमाने निघतो त्याच क्रमाने पुढे जातो, एक जरी धागा ओलांडला तरी गुंता पुढे पुढे सरकत जातो. ट्रेमध्ये आधी बाहेर पडणारी केबल कडेला आणि शेवटपर्यंत जाणारी आत, हा क्रम कागदावरच ठरवायचा.

लांबी: इथे मी मार खाल्ला आहे

पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका प्रयोगशाळेसाठी पॅनल बनवलं. केबल ५ मिमीची, म्हणून मी १२ मिमीची भोकं ठेवली, रबरी ग्रोमेटसकट. केबल आल्या त्या दोन्ही टोकांना बीएनसी कनेक्टर दाबून, तपासून, चिठ्ठ्या लावून आल्या. बीएनसीचा व्यास साडेचौदा मिमीच्या आसपास. एकही आत जाईना. जागेवर भोकं मोठी करायची सोय नव्हती, आत इलेक्ट्रॉनिक्स बसलेलं होतं आणि धातूचा कीस तिथे पडू द्यायचा नव्हता. शेवटी सोळा टोकं कापली आणि केबल ओवून नवे कनेक्टर दाबले. दोन-तीन बिघडले, ते पुन्हा कापले. संध्याकाळी काम झालं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेळा जुळेनात. कोॲक्सिअल केबलमध्ये सिग्नलला एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. कुठली केबल दहा सेंटिमीटरने कमी झाली होती, कुठली तीसने. म्हणजे एकाच क्षणी निघालेले दोन सिग्नल नॅनोसेकंदाच्या फरकाने पोचत होते. एलएचसीमध्ये प्रोटॉनचे पुंजके २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांना भिडतात, म्हणजे केबलचे पाच मीटर म्हणजे एक अख्खी टक्कर. तेव्हापासून तक्त्यात कनेक्टरच्या व्यासाचा रकाना मी जाडीच्या आधी ठेवतो.

लांबी मोजताना सरळ अंतर कधीच घेऊ नका. स्टँडवर प्रत्यक्ष वाटेने, वळणांसकट सुतळी टाका आणि ती सुतळी मोजा. दोन्ही टोकांना पुन्हा कनेक्टर लावता येईल एवढी, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर ढील ठेवा. एकाच थरातल्या सिग्नल केबल सगळ्या सारख्या लांबीच्या घ्या, जवळच्या पॅडलचीही. उरलेली केबल वळणाची त्रिज्या पाळून इंग्रजी आठच्या आकारात बांधून ठेवा. गोल वेटोळं आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र पकडतं.

करंट आणि उष्णता

तांब्याची १ चौरस मिमीची तार मीटरला साधारण ०.०१७ ओहम रोध देते. समजा वीजपुरवठ्याचं कपाट डिटेक्टरपासून ५० मीटरवर आहे आणि ४ चौरस मिमीच्या केबलमधून १० अँपिअर जातोय. जाऊन-येऊन १०० मीटर तार, रोध ०.४३ ओहम, पडलेला व्होल्टेज ४.३. सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सला दोन-तीन व्होल्टच हवे असतात आणि वाटेतच त्याहून जास्त जातात. म्हणून सेन्स वायरची एक बारीक जोडी सोबत न्यावी लागते, तिच्यावरून पुरवठ्याला टोकाचा खरा व्होल्टेज कळतो.

वाटेत गेलेली शक्ती ४३ वॅट. वाचताना किरकोळ वाटते. अशा वीस केबल एका ट्रेमध्ये असतील तर ८६० वॅट, जवळजवळ घरातल्या इस्त्रीएवढी उष्णता. गठ्ठ्याच्या मधल्या केबलला हवा लागत नाही, तीच आधी तापते. मग जाड केबल घ्या, किंवा गठ्ठा पसरून एकाच थरात ठेवा, किंवा ट्रेला थंड नळीची सोबत द्या. जाड केबलचं वजन लगेच आधाराच्या हिशेबात घाला: १ चौरस मिमी तांबं मीटरला ९ ग्रॅम.

कोणाशेजारी कोण

हाय व्होल्टेज, लो व्होल्टेज आणि सिग्नल यांना वेगळ्या पन्हळी द्या. निदान एकाच ट्रेमध्ये मधे धातूची पट्टी टाका. एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. पुरवठ्याची जाणारी आणि येणारी तार नेहमी पिळून, एकत्र न्या. मांडवाच्या लायटिंगला आपण फेज एका बांबूवरून आणि न्यूट्रल दुसऱ्यावरून नेतो, दिवे लागतात, काही बिघडत नाही. इथे ती दोन तारांमधली मोकळी जागा अँटेना होते.

फोटोमल्टिप्लायरला हजार-दोन हजार व्होल्ट लागतात. त्यासाठी एसएचव्ही कनेक्टरच वापरा, बीएनसी नाही. लांबून दोन्ही सारखे दिसतात. मुद्दाम असे बनवलेत की एकमेकांत बसू नयेत, आणि एसएचव्हीची मधली पिन आत खोल असते आणि बोटाला लागत नाही. जुगाड म्हणून कोणी दुसरा कनेक्टर लावायला सांगितला तर ठाम नाही म्हणा. मी हाय व्होल्टेजची केबल लाल आवरणाचीच मागवतो.

अर्थिंग एकाच ठिकाणी. ट्रे, स्टँड, केबलची जाळी आणि कपाट हे सगळं दहा ठिकाणी एकमेकांना टेकलं तर जमिनीतून करंटची वेटोळी तयार होतात आणि पन्नास हर्ट्झची गुणगुण सिग्नलमध्ये येते. ट्रे कुठे स्टँडला जोडला जाणार आणि कुठे नायलॉनच्या वॉशरने वेगळा राहणार, हे ड्रॉइंगवर लिहा. फिटरच्या मर्जीवर सोडू नका. सुरक्षेचं अर्थिंग मात्र सगळ्या धातूला हवंच, आवाज कमी व्हावा म्हणून ते काढायचं नाही.

आधार

आपल्या भागातल्या मुलांचा हात इथे बसलेला असतो, म्हणून इथे जरा थांबतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये जे सहज दिसतं, तेच डोळे इथे लागतात.

पहिला नियम, केबलचं वजन सेन्सरवर, कनेक्टरवर किंवा डिटेक्टरच्या नाजूक चौकटीवर येता कामा नये. कनेक्टरपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर क्लॅम्प द्या, तोही केबल चिरडणार नाही असा, रबर किंवा मऊ पट्टी घालून. नायलॉनची टाय बंदुकीने करकचून ओढू नका. कोॲक्सिअलच्या आतलं इन्सुलेशन चेपलं की तिथून सिग्नल उलटा परततो. टाय लावल्यावर ती बोटाने केबलवर सरकवता आली पाहिजे.

नुसतं वजन नाही, ताठरपणाही मोजा. चाळीस केबलचा गठ्ठा बांबूसारखा ताठ होतो. तो वळवून हलक्या चौकटीला जोडला तर स्प्रिंगसारखा तिला ढकलत राहतो. ज्या चौकटीची जागा मायक्रॉनमध्ये जपायची आहे, तिच्याजवळ गठ्ठा सोडून केबल सुट्या करा आणि त्यांना एक मोकळं वळण द्या.

ट्रेला किती अंतरावर टेकू? ट्रेवर सारखं पसरलेलं वजन असेल तर झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर दुप्पट केलं की झोळ सोळापट. दोन मीटरवर टेकू देऊन वाचवलेले चार ब्रॅकेट महाग पडतात. मी मीटरला एक टेकू धरतो, वळणाच्या आधी आणि नंतर एकेक जास्त. हिशेबात एक जास्तीचं वजन नेहमी घाला: ट्रेवर पाय देणाऱ्या माणसाचं. ‘पाय देऊ नये’ अशी पाटी लावली तरी पाय दिला जातो.

मग तापमान. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२. आपल्याकडे शेडमध्ये जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत २५ अंशांचा फरक सहज पडतो. दहा मीटरचा ॲल्युमिनियम ट्रे तेवढ्यात पावणेसहा मिलिमीटर वाढेल आणि खालची पोलादी चौकट तीनच. दोन्ही टोकांना आवळलात तर ट्रे मधे वर उचलला जाईल किंवा बोल्ट कातरले जातील. एक टोक पक्कं, बाकी टेकूंना लांबट भोकं. डिटेक्टरमध्ये हे आणखी टोकाला जातं. सिलिकॉनचे थर शून्याखाली थंड ठेवतात आणि त्यांची चौकट कार्बन फायबरची असते, जी जवळजवळ वाढतच नाही. तिला ॲल्युमिनियमचा क्लॅम्प घट्ट चिकटवला की थंडीत सांधा सुटायला बसतो.

चुंबकाजवळ काम असेल तर प्रत्येक स्क्रू तपासा. ३१६ एल प्रकारचं स्टेनलेस चालतं. ३०४ वाकवल्यावर किंवा ठोकल्यावर थोडं चुंबकीय होतं, म्हणून खिशात लहान चुंबक ठेवा आणि प्रत्येक वॉशरला लावून पाहा. क्षेत्रात करंट वाहणाऱ्या तारेवर जोर येतो. सीएमएसच्या चुंबकात ३.८ टेस्लाचं क्षेत्र आहे. तिथे क्षेत्राला काटकोनात असलेल्या एक मीटर तारेत १० अँपिअर असेल तर ३८ न्यूटन, म्हणजे जवळजवळ चार किलोचा ओढा. येणारी-जाणारी तार पिळलेली असेल तर दोन्ही ओढे एकमेकांना मारतात. सुटी असेल तर ती हलते, आणि हलणारी तार थकते. अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या सीडीएफ डिटेक्टरमध्ये सिलिकॉनला जोडणाऱ्या केसासारख्या बारीक तारा अशाच चुंबकीय क्षेत्रात करंटच्या तालावर थरथरून तुटल्या होत्या.

पायाचे बोल्ट हलक्यात घेऊ नका. १९ सप्टेंबर २००८ ला एलएचसीमध्ये दोन चुंबकांमधल्या एका सदोष जोडाजवळ ठिणगी पडली, द्रव हेलियमची वाफ झाली, आणि त्या दाबाने काही चुंबकांचे आधार काँक्रीटमधल्या बोल्टसकट उखडले. मूळ दोष विजेच्या जोडाचा, पण जोर शेवटी आधारावरच आला. आधार आखताना ‘रोजचं वजन’ आणि ‘वाईट दिवसाचा जोर’ हे दोन वेगळे आकडे लिहा. आणि आपल्याकडचं एक सांगायलाच हवं: जुन्या इमारतीत भिंत जांभ्या दगडाची असेल तर त्यात अँकर फास्टनर ठोकून जड ट्रे टांगू नका. जांभा ठिसूळ, भोक मोठं होत जातं. आरपार बोल्ट आणि मागे मोठी पट्टी घ्या, नाहीतर ट्रेचं वजन जमिनीवर उभ्या केलेल्या चॅनेलवर आणा.

हलणारे भाग, आग आणि पावसाळा

डिटेक्टर दुरुस्तीसाठी उघडतात. उघडताना केबल न काढता भाग सरकायला हवा असेल तर केबल चेन लागते, सीएनसी मशीनवर असते तशीच. तिच्यात केबल गच्च भरू नका, पिळू नका, आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प करा. भाग पूर्ण उघडा, पूर्ण बंद आणि अर्धवट अशा तिन्ही स्थितींत ड्रॉइंग काढा. गडबड नेहमी अर्धवट स्थितीत होते.

केबलचं आवरण काय आहे ते विचारा. साधं पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती माणसाला घातक आणि आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही खाते. सर्नसारख्या ठिकाणी हॅलोजनमुक्त आवरण मागतात, ते यासाठी. टेफ्लॉन उष्णतेला उत्तम, पण किरणोत्सर्गात लवकर ठिसूळ होतं. कॉलेजच्या स्टँडला किरणोत्सर्गाची भीती नाही, तरी हॅलोजनमुक्त केबलची सवय आत्ताच लावून घ्या.

बेळगावच्या पावसाळ्याबद्दल एवढंच सांगतो: जुलैत हाय व्होल्टेजचा कनेक्टर ओल धरतो आणि गळतीचा करंट वाढतो. कनेक्टर अल्कोहोलने पुसा, खाली तोंड करून बसवा म्हणजे पाणी आत उतरणार नाही, आणि पॅनलला सिलिका जेलची पिशवी द्या. केबलच्या भोकांना ग्रोमेट आणि जाळी लावा, उंदीर आत आला तर त्याला सगळ्या केबल सारख्याच.

पुठ्ठ्याचा नमुना

संगणकावर सगळं जुळलं तरी पूर्ण आकाराचा नमुना बनवा. प्लायवूड, पुठ्ठा, केबलऐवजी त्याच जाडीची दोरी, नळीऐवजी बागेचा पाइप. आम्ही त्या स्टँडचा नमुना शहापूरच्या सुतारकाकांकडून एका दिवसात करून घेतला. मग मामांना पाना घेऊन समोर बसवलं आणि मी नुसता बघत राहिलो. त्यांनी ब्रॅकेट चाळीस मिलिमीटर डावीकडे सरकवायला लावला, एका पन्हळीचं तोंड वर करायला लावलं, आणि मधल्या मजल्याच्या मागे एक हातभर जागा मागितली. तीनही बदल ड्रॉइंगवर चढवायला मला पाऊण तास लागला. पोलाद कापल्यावर हेच कळलं असतं तर आठवडा गेला असता.

ओढणं आणि तपासणं

केबल ओढायचा क्रम लिहून ठेवा: आधी सर्वात लांब आणि जाड, शेवटी फायबर. ओढण्याआधीच दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, कनेक्टरपासून वीतभर आत, तिथून ती वाचता येते. चिठ्ठीवर तक्त्यातलाच क्रमांक, नवीन नाव नको.

तपासणी तीन वेळा. केबल आल्यावर, ट्रेमध्ये बसवल्यावर, आणि जोडल्यावर. सलगता, इन्सुलेशन, मग हाय व्होल्टेज हळूहळू चढवत. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावताना दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक्स जोडलेलं नाही हे स्वतः जाऊन पाहा, फोनवर विचारून नाही. प्रत्येक आकडा तारखेसकट वहीत लिहा आणि बसवलेल्या स्थितीचे फोटो काढा. वर्षभराने दोष आला की तोच आकडा पुन्हा मोजायचा असतो.

पुढे जायचं असेल तर एक सांगतो. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांसाठी भारतीयांना अर्ज करता येतो आणि आपल्या कारखान्यांना तिथल्या कामांच्या निविदा भरता येतात. अर्जासोबत स्वतः आखून बांधलेल्या एका लहान स्टँडची ड्रॉइंग, केबलचा तक्ता आणि फोटो जोडलेत तर बोलायला काहीतरी ठोस असेल. तीस बाय तीस सेंटिमीटरचं पॅडल घ्या. समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो, म्हणजे त्या पॅडलवर मिनिटाला नऊशेच्या आसपास. मोजायला भरपूर आहेत.

आमचं स्टँड कॉलेजात पोचलं त्या दिवशी मामांना मुद्दाम बरोबर नेलं. जोडणी झाली, तिन्ही पॅडलवर मोजणी सुरू झाली. मग व्होल्टेज उतरवून मी त्यांना म्हटलं, मामा, मधलं पॅडल काढून दाखवा. त्यांनी त्याच पॅडलचे दोन कनेक्टर सोडले, मागच्या हातभर जागेतून पाना घातला, चार बोल्ट सैल केले आणि पॅडल खणासारखं बाहेर ओढलं. वरच्या आणि खालच्या मजल्याची एकही केबल हलली नाही. सहा मिनिटं लागली. परत बसवायला आठ.